स्पोर्ट्सचा रकाना

स्पोर्ट्स बाईकचा विमा महाग पडतो, हे आदिलाबादेत कुणीही सांगतं. किती महाग आणि का, हे कुणी सांगत नाही. नेताजी चौकातला पंक्चरवाला सांगतो, कापसाच्या गाड्या लावून मार्केट यार्डात रात्र काढणारे शेतकरी सांगतात, आमच्या जिनिंगमधला काट्यावरचा माणूस तर 'डबल' म्हणून मोकळा होतो. धाकट्याला यामाहाची आर-१५ घ्यायची होती. नोकरी लागलेली, हप्ता स्वतः भरायची तयारी, त्यामुळे घरात नाही म्हणायला कुणाला तोंड नव्हतं. हिशेबाचं तेवढं माझ्याकडे आलं, कारण मी जिनिंगमध्ये अकाउंट्स पाहतो. विमा म्हणजे काय ते मात्र मला ठाऊक नव्हतं. बाबांच्या स्प्लेंडरचा कागद दरवर्षी येतो आणि सीटखालच्या प्लास्टिकच्या पिशवीत जातो, एवढीच आमची त्याच्याशी ओळख.

शोरूमच्या कोटेशनवर मोजक्या ओळी होत्या. एक्स-शोरूम, लाइफ टॅक्स, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स, ॲक्सेसरीज. इन्शुरन्सपुढे एकच ठोक आकडा, पाच अंकी. ठोक आकडा दिसला की माझा हात थांबतो.

"याची फोड द्या," मी म्हणालो.

"अन्ना, अदी प्याकेज," काउंटरवरची मुलगी म्हणाली. मग माझं तोंड पाहून हिंदीत, "सिस्टीममें ऐसाइच आता."

"यात स्पोर्ट्सचा जादा किती धरला?"

तिनं स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मॅनेजर जेवायला गेल्याचं सांगितलं. धाकटा माझ्या बाहीला धरून म्हणाला, "दादा, तू काय पाहून राहिला? सही कर ना." मी कागदाचा फोटो काढला आणि बाहेर पडलो.

शांतिनगरात एक काका आहेत. मूळचे बेल्याकडचे, मराठी, सरकारी विमा कंपनीत नोकरी करून निवृत्त झालेले. आता घरूनच एजन्सी चालवतात. त्यांच्या ओट्यावर बसून मी पहिला प्रश्न तोच विचारला : स्पोर्ट्सचा रकाना कुठं आहे? काका हसले. म्हणाले, "नाही."

"म्हणजे किती?"

"म्हणजे रकानाच नाही रे बाबा."

मला ते पटेना. सगळं गाव ज्या जादा आकाराबद्दल बोलतं तो कागदावर नाहीच, असं कसं? काकांनी वहीचं पान उलटं केलं आणि आमच्या ठोक आकड्याचे तीन तुकडे करून दाखवले. पहिला, आपल्या गाडीचं नुकसान झालं किंवा ती चोरीला गेली तर त्याचा. त्याला ते 'ओडी' म्हणत. दुसरा थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याला इजा केली तर त्याचा. तिसरा, गाडीचा मालक स्वतः चालवताना मेला किंवा कायमचा जायबंदी झाला तर त्याचा. यावर १८ टक्के जीएसटी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे सक्ती आहे ती थर्ड पार्टीची. ती नसताना सापडलं तर पहिल्या वेळी दोन हजार दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आम्हा लोकांचं पैनगंगा ओलांडून पांढरकवड्याला जाणं-येणं रोजचं. पुलाच्या अलीकडे तेलंगणाचे पोलीस, पलीकडे महाराष्ट्राचे; पण कायदा एकच आणि पॉलिसी सगळ्या देशात चालते. हे ऐकून मला उगाच बरं वाटलं. सीमेवर राहणाऱ्याला दोन्हीकडे चालणारा कागद फार क्वचित मिळतो.

मग थर्ड पार्टीचा तक्ता. तो केंद्र सरकार ठरवतं, त्यात कंपनीला एक रुपया कमी-जास्त करता येत नाही. १ जून २०२२ पासूनचा तक्ता काकांना तोंडपाठ होता : ७५ सीसीपर्यंत वर्षाला ५३८ रुपये, ७५ ते १५० सीसी ७१४, १५० ते ३५० सीसी १,३६६, आणि ३५० च्या वर २,८०४. बस. रंग नाही, आकार नाही, वेग नाही. तक्ता गाडीला एकच प्रश्न विचारतो, तुझं इंजिन किती सीसीचं?

आर-१५ चं इंजिन १५५ सीसीचं.

पाच सीसी! या पाच सीसीपायी ती ७१४ च्या घरातून उठून १,३६६ च्या घरात गेली. आणि नव्या दुचाकीला थर्ड पार्टी एकदम पाच वर्षांची घ्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं १ सप्टेंबर २०१८ पासून तसं झालं, कारण दुचाकीवाले पहिल्या वर्षानंतर नूतनीकरणच करत नव्हते. पाच वर्षांचा दर १५० सीसीपर्यंत ३,८५१ आणि त्यावर ३५० पर्यंत ७,३६५. फरक ३,५१४ रुपये, जीएसटी धरून ४,१४७. बजाजची पल्सर १५० घेतली तर इंजिन १४९.५ सीसी, रेषेच्या आत. आमच्याकडे कापूस निगमच्या खरेदीत ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला तर हमीभाव पूर्ण, पुढे टक्क्यागणिक कपात, आणि १२ च्या वर गेला तर गाडी परत, मीटरवर १२.१ दिसलं की शेतकऱ्याचं जे तोंड होतं, तसं माझं झालं असावं. फरक इतकाच की कापूस दोन दिवस उन्हात घालता येतो.

गंमत पुढे आहे. आर-१५ पहिल्यांदा २००८ मध्ये आली तेव्हा ती १५० च्या आतच होती. १५५ झाली ती २०१८ च्या तिसऱ्या आवृत्तीत. म्हणजे दिसायला तितकीच 'रेसची' असलेली जुनी आर-१५ आजही ७१४ भरते. उलट, आमच्या गल्लीत एक मास्तर आहेत. होंडाची युनिकॉर्न चालवतात, चाळीसच्या वर काटा जाऊ देत नाहीत, मागे मास्तरीणबाई आणि मध्ये भाजीची पिशवी. जुनी युनिकॉर्न १५० च्या आतली होती. २०२० मध्ये बीएस-६ आल्यावर ती बंद होऊन १६२.७ सीसीची राहिली. मास्तरांनी तीच घेतली. त्यामुळे मास्तर आणि माझा धाकटा एकाच रकान्यात, १,३६६ मध्ये. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० सुद्धा तिथंच, कारण ती ३४९ सीसीची आहे. कंपन्यांनाही ही रेष ठाऊक असावी असा मला दाट संशय आहे.

२०२२ च्या आधी हे दर ७५२ आणि १,१९३ होते. म्हणजे त्या वर्षी खालच्या घराचा दर उतरला आणि वरच्याचा चढला, दरी रुंदावली. काका म्हणाले, दावे किती आणि कसे येतात त्यावरून हे ठरतं. थर्ड पार्टीत माणूस दगावला तर भरपाईला वरची मर्यादाच नसते, ट्रिब्युनल ठरवेल ती कंपनीनं द्यायची. मोठ्या इंजिनाची गाडी जास्त जोरात आदळते, एवढं तर मलाही कळतं. पण १५० वरच सुरी का फिरली, याचं उत्तर त्यांच्या वहीत नव्हतं.

आता ओडी. इथं तरी स्पोर्ट्सवाला सापडेल अशी माझी आशा होती. काकांनी कपाटातून पिवळं पडलेलं दरपुस्तक काढलं, २००२ सालचं इंडिया मोटर टॅरिफ. तेव्हा ओडीचा दरही सगळ्यांना सारखा असे. त्यात देशाचे दोन भाग : 'ए' मध्ये मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, अहमदाबाद आणि हैदराबाद, 'बी' मध्ये उरलेला सगळा भारत. आदिलाबाद 'बी' मध्ये, नांदेडही, नागपूरही. पाच वर्षांपर्यंतच्या दुचाकीला 'बी' मध्ये १५० सीसीपर्यंत १.६७६ टक्के आणि ३५० पर्यंत १.७६० टक्के. हे टक्के गाडीच्या विमा-किमतीवर, तिला आयडीव्ही म्हणतात. नव्या गाडीला शोरूमच्या किमतीतून पाच टक्के वजा करून ती धरतात.

मी तिथंच हिशेब मांडला. गाडी १,८०,००० ची धरली तर आयडीव्ही १,७१,०००, आणि ओडी ३,०१० रुपये. हीच गाडी हैदराबादेत नोंदवली तर १.७९३ टक्क्यांनी ३,०६६. राजधानीपासून तीनशे किलोमीटर दूर राहिल्याचा फायदा छप्पन्न रुपये! मग १,१०,००० ची १५० सीसीची साधी गाडी घेतली : १,७५१ रुपये. मोठा फरक पडतो तो टक्केवारीमुळे नाही, किमतीमुळे. गाडी महाग म्हणून विमा महाग. यात 'स्पोर्ट्स' असं काही नाही.

"पण हे सगळं जुनं," काका म्हणाले. १ जानेवारी २००७ पासून ओडीचे दर मोकळे झाले. कंपन्या आपापले दर लावतात आणि जुन्या आकड्यावर सूट म्हणून दाखवतात. कुठल्या मॉडेलला किती सूट द्यायची ते कंपनी आपल्या अनुभवावर ठरवते. कम्यूटर गाडीला हात सैल, चोरीला जाणाऱ्या किंवा वारंवार पडणाऱ्या मॉडेलला आवळता. "कागदावर स्पोर्ट्स लिहिलेलं नसतं. कॉम्प्युटरला मात्र माहीत असतं."

म्हणजे जादा आकार होता, पण तो आकार म्हणून नव्हता, न दिलेल्या सुटीच्या रूपात होता. हिशेबनीस म्हणून मला या कल्पकतेचं कौतुक वाटलं. गिऱ्हाईक म्हणून नाही. जे दिलंच नाही त्याची पावती कुणाकडे मागणार?

खरा स्पोर्ट्सचा भुर्दंड मात्र प्रीमियममध्ये नसून क्लेममध्ये आहे, हे मला सगळ्यात उशिरा कळलं. गाडी पडली तर सुट्या भागांची घसारा कापून भरपाई मिळते. धातूच्या भागाला वयाप्रमाणे कपात, पहिल्या सहा महिन्यांत काहीच नाही. पण प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांना पहिल्या दिवसापासून ५० टक्के. आता आर-१५ डोळ्यांसमोर आणा. पुढून मागून सगळं फेअरिंग. स्प्लेंडर पडली तर लेगगार्ड वाकतो, लोहार सरळ करून देतो. ही पडली तर दहा हजारांचं प्लास्टिक फुटणार, त्यातले पाच हजार आपल्या खिशातून, वर शंभर रुपये सक्तीची वजावट. यावर उतारा म्हणजे झीरो डेप्रिसिएशनची जोड. ती घेतली की हा घसारा कापत नाहीत. कोटेशनच्या ठोक आकड्यात ती होती की नव्हती, हे शोरूमच्या मुलीलाही सांगता आलं नव्हतं. (नव्हती. त्याऐवजी रोडसाइड असिस्टन्स होतं, ज्याची गाडी आमच्या गावात कुणी पाहिलेली नाही.)

आता सुटी. गावात जसा स्पोर्ट्सच्या जादा आकाराचा बोलबाला, तसाच 'पन्नास टक्के डिस्काउंट'चाही. तो म्हणजे नो क्लेम बोनस : क्लेम न करता वर्ष काढलं तर ओडीवर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. मालकानं जुनी गाडी विकून त्याच प्रकारची नवी घेतली तर बोनस तिच्यावर नेता येतो. माझ्या डोक्यात लगेच दिवा पेटला. बाबांची स्प्लेंडर! पंधरा वर्षांत एक क्लेम नाही. गाडी बाबांच्या नावावर घ्यायची, स्प्लेंडर विकायची, पन्नास टक्के खिशात.

काकांनी स्प्लेंडरचा कागद मागितला. मी सीटखालच्या पिशवीतून आणून दिला. त्यांनी चष्मा वर सरकवला. "ही नुसती थर्ड पार्टी आहे." दरवर्षी ७१४ अधिक जीएसटी, ८४३ रुपये. बोनस ओडीवर मिळतो. ओडीच नाही तर बोनस कशाचा? बाबांनी इतकी वर्षं एकदाही न पडता गाडी चालवली, त्याची कुठल्याच वहीत नोंद नव्हती.

आणि गाडी बाबांच्या नावावर घेण्यात दुसरीच गोम होती. तो तिसरा तुकडा, मालक-चालकाचा अपघात विमा. २०१८ पर्यंत दुचाकीला तो एक लाखाचा असे, आता पंधरा लाखांचा आहे. पण तो ज्याच्या नावावर गाडी त्यालाच, आणि त्याच्याकडे चालू लायसन्स असेल तरच. गाडी बाबांची, चालवणारा धाकटा, आणि तो पडला तर पंधरा लाखांपैकी काहीही नाही. आमच्याकडे निम्म्याहून जास्त पोरं बापाच्या नावावरची गाडी चालवतात. कर्ज बापाला मिळतं, जमीन बापाच्या नावावर असते, गाडीही तशीच. त्या घरांत हा कागद कुणी वाचला असेल असं मला वाटत नाही. मी त्या संध्याकाळी दोन मित्रांना फोन केले.

मागे बसणाऱ्याचं आणखी वेगळं. नुसत्या थर्ड पार्टीच्या पॉलिसीत दुचाकीवर मागे बसलेला माणूस येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये तिलक सिंग खटल्यात म्हटलं. म्हणजे आई जी स्प्लेंडरवर मागे बसून जैनथच्या देवळात जाते, ती त्या ८४३ रुपयांत नाही. पूर्ण पॅकेज घेतलं तर मागचाही धरला जातो. हे कळल्यावर आर-१५ बाजूला राहिली आणि आधी स्प्लेंडरचंच काय करायचं यावर घरात चर्चा सुरू झाली. पंधरा वर्षांच्या गाडीला ओडी द्यायला कंपन्या नाकं मुरडतात. शेवटी आईबाबांचा वेगळा वैयक्तिक अपघात विमा उतरवला.

बाकीच्या सुटी वाचताना मात्र मला हसू आवरेना. जुन्या दरपुस्तकाप्रमाणे ऑटोमोबाइल असोसिएशनचं सभासद असाल तर पाच टक्के, पण जास्तीत जास्त पन्नास रुपये. मान्यताप्राप्त चोरीविरोधी यंत्र बसवलं तर अडीच टक्के. आमच्या ३,०१० वर पंचाहत्तर रुपये, यंत्र हजारांचं. क्लेममधले पहिले तीन हजार स्वतः सोसायची तयारी दाखवली तर पंचवीस टक्के, पण कमाल अडीचशे. आणि सगळ्यात अजब : दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीचं संरक्षण एक लाखावरून सहा हजारांवर आणलं तर थर्ड पार्टीत पन्नास रुपये कमी. चौऱ्याण्णव हजारांचं पाणी पन्नास रुपयांत सोडायचं! कुणी घेतं का ही सूट, मी विचारलं. "वाचत नाहीत, म्हणून घेत नाहीत. वाचली असती तर घेतली असती," काका म्हणाले. आदिलाबादची त्यांची पारख पक्की आहे.

या सगळ्यात मला खटकलं ते हे, की धाकट्याबद्दल कुणीच काही विचारलं नाही. वय चोवीस, गिअरची गाडी शिकून फार दिवस झालेले नाहीत, मित्रांबरोबर हायवे चव्वेचाळीसनं कुंटाला धबधब्याला जायचा बेत आधीच ठरलेला. प्रीमियमला याच्याशी देणंघेणं नाही. मास्तरही १,३६६, हाही १,३६६. अमेरिकेत विमा कंपन्या चालवणाऱ्याचं वय, आधीचे अपघात, राहण्याचा भाग आणि गाडीचा प्रकार सगळं विचारतात. तिथल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेनं २००७ मध्ये दाखवलं होतं की सुपरस्पोर्ट गाड्यांच्या चालकांचं मृत्युप्रमाण इतर प्रकारांच्या सुमारे चौपट आहे. तिथं स्पोर्ट्सचा रकाना खरोखर आहे. चालवण्याचं प्रशिक्षण घेतलं तर अनेक कंपन्या सूटही देतात. अर्थात त्यांच्या सुपरस्पोर्ट सहाशे-हजार सीसीच्या. आमची आर-१५ कपडे रेसचे घालते, पण ताकद साडेअठरा पीएसच्या आसपास.

आपल्याकडे हालचाल आहे ती थोडी. विमा नियामकाचं मुख्यालय आमच्याच राजधानीत, हैदराबादेत आहे. त्याच्या कार्यगटानं जानेवारी २०२१ मध्ये वाहतुकीचे नियम मोडणाऱ्याला जादा प्रीमियम लावण्याची शिफारस केली होती. जुलै २०२२ मध्ये किती चालवता आणि कसं चालवता यावर ओडीचा दर ठरवणाऱ्या जोड-पॉलिसींना परवानगी मिळाली. मला विचाराल तर इंजिन मोजण्यापेक्षा माणूस मोजणं जास्त न्यायाचं. पण तसा तक्ता उद्या लागू झाला तर आमच्या घरातली बचत होणार बाबांची, आणि भुर्दंड धाकट्याला. त्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग सध्याचंच बरं हाये की."

शोरूमला परत गेलो तो फोड लिहिलेला कागद घेऊनच. मॅनेजर आता जेवून आले होते. विमा इथूनच घ्यावा लागेल, नाहीतर कॅशलेस मिळणार नाही, असं ते म्हणाले. मी म्हणालो, २०१७ च्या नियामकाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे विक्रेत्याला अशी सक्ती करता येत नाही. 'मार्गदर्शक सूचना' हे शब्द मी मुद्दाम सावकाश उच्चारले. कॅशलेसचं शेवटी कंपनी आणि गॅरेजच्या करारावर असतं, आणि काकांनी सुचवलेल्या कंपनीचा तसा करार याच गॅरेजशी होता. रोडसाइड असिस्टन्स गेलं, झीरो डेप्रिसिएशन आलं, गाडी धाकट्याच्या नावावर झाली, आणि एकूण आकडा तरीही त्यांच्या ठोक आकड्यापेक्षा थोडा खालीच उतरला.

धाकट्यानं तेवढ्यात सायलेन्सरचा विषय काढला. मोठ्या आवाजाचा बसवायचा होता त्याला. काका फोनवरूनच ओरडले : कंपनीला न कळवता गाडीत फेरफार केला तर क्लेमच्या वेळी तेच बोट दाखवतील, आणि तसला आवाज कायद्यातही बसत नाही. सायलेन्सर बारगळला.

"मग हेल्मेटला किती सूट?" त्यानं विचारलं. प्रश्न इतका रास्त होता की मी फोन स्पीकरवर टाकला.

"काही नाही," काका म्हणाले. "पण केंद्रीय मोटार वाहन नियम १३८ बघ. दुचाकी विकताना बीआयएसच्या मानकाचं हेल्मेट कंपनीनं द्यायचं असतं."

मी कोटेशन पुन्हा उघडलं. ॲक्सेसरीजच्या ओळीपुढेही एकच ठोक आकडा होता. मी मॅनेजरांना म्हणालो, "याची फोड द्या."